रात्रीच्या मुक्कामाचे काय?



या अंकासोबत एक हस्तपत्रक तुमच्या हाती पडेल. मोटरसायकल चालवणाऱ्या मुलींसाठी आणि बायकांसाठी वसईजवळ पाचूबंदरला दोन दिवसांचे मुक्कामी शिबिर, शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. पत्रकाचा मजकूर बैठकीत वाचला तेव्हाच एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारले, "कायदा झाला, आरोग्य झाले, बचत गट झाले, आता मोटरसायकली का? गाडी घेऊ शकणाऱ्या पोरींना आपली गरज काय?" प्रश्न रोखठोक होता. तो आणखी अनेकींच्या मनात येणार, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

गाडी चालवणारी बाई म्हटले की जाहिरातीतले चित्र डोळ्यांपुढे येते. उंच बूट, चामड्याचे जाकीट, मागे डोंगर. वसईच्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांमध्ये काम करताना मला भेटलेल्या बाया तशा नाहीत. एक परिचारिका आहे. तिची पाळी सुटते त्या वेळी बस नसते आणि रिक्षावाला मागेल ते भाडे द्यावे लागते, म्हणून तिने गाडी घेतली. एक घरोघर पार्सले पोचवते. एकीचा नवरा वारला, त्याची जुनी गाडी विकायला काढली तर कोणी धड किंमत देईना, तेव्हा तीच शिकून चालवू लागली. पाचूबंदरातल्याच दोघी स्कूटरच्या पायऱ्यांवर मासळीची पाटी बांधून गावात विकायला जातात. या सगळ्या जणी एकाच पद्धतीने शिकल्या आहेत. भाऊ किंवा नवरा मागे बसला, चार दिवस ओरडला, पाचव्या दिवशी म्हणाला, "जमते आता तुला." सरळ डांबरी रस्त्यावर जमतेही. पण जुलैत पाण्याखालचा खड्डा आला, वाळूचा पट्टा आला, अरुंद गल्लीत गाडी वळवायची वेळ आली, की पाय खाली टेकतात आणि गाडी अंगावर येते. हळू चालवायला कोणी शिकवलेलेच नसते. मागून हॉर्न वाजवणारे मात्र भरपूर असतात.

हळू चालवण्याचाही एक खेळ असतो हे मला अलीकडेच कळले. त्याला ट्रायल्स म्हणतात. मोटरसायकलचे खेळ म्हणजे वेग, धूर आणि हाडे मोडणे अशी माझी समजूत होती. या खेळात शर्यत नसते. दगड, ओंडके, चढ, चिखल अशा अडचणींचा एक छोटा पट्टा फिती लावून आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. एका वेळी एकीनेच त्यातून जायचे. बाजूला निरीक्षक उभा असतो, तो गुण मोजतो आणि हे गुण दंडाचे असतात. एकदा पाय टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. पडलात किंवा फितीबाहेर गेलात तर पाच. पाय न टेकता पार झालात तर शून्य, आणि शून्य म्हणजे सर्वांत चांगले. या खेळासाठी बनवलेल्या गाड्या हलक्या असतात, साधारण सत्तर किलोच्या, आणि त्यांना बसायला धड सीटच नसते, कारण चालवणारीने पायऱ्यांवर उभे राहायचे असते. स्कॉटलंडमध्ये अशी सहा दिवसांची स्पर्धा १९०९ सालापासून चालत आली आहे.

आपल्याकडे हा खेळ फारसा रुजलेला नाही, पण त्याचे नाव मात्र येऊन गेले आहे. १९५०च्या दशकात जॉनी ब्रिटन या इंग्लिश चालकाने रॉयल एन्फिल्डवर ती स्कॉटलंडची स्पर्धा जिंकली होती. त्याची आठवण म्हणून कंपनीने २०१९ साली भारतात 'बुलेट ट्रायल्स' नावाची गाडी काढली. गाडी जड, दीडशे-पावणेदोनशे किलोंच्या पुढची, आणि किंमत दीड लाखावर. वर्षभरात ती बंदही झाली. गोव्यात वागातोरला दर नोव्हेंबरात याच कंपनीचा तीन दिवसांचा मेळा भरतो. पूर्वी त्याला रायडर मेनिया म्हणत, २०२३पासून मोटोव्हर्स म्हणतात. तिथे मातीतल्या शर्यती असतात, चढ चढण्याचे खेळ असतात, रात्री गाणी असतात. मेळा मोठा आहे, खर्चिकही आहे. आमच्या परिचारिकेला त्यासाठी तीन दिवसांची रजा मिळणार नाही आणि मिळाली तरी ती रजा माहेरच्या लग्नासाठी राखून ठेवलेली असेल.

स्त्रियांनी हा खेळ खेळणे नवे नाही. स्त्रियांसाठी ट्रायल्सची जागतिक विजेतेपदाची स्पर्धा २०००पासून होते. स्पेनच्या लाया सान्झने ते विजेतेपद तेरा वेळा मिळवले. पुढे ती डाकारच्या वाळवंटी शर्यतीत उतरली आणि २०१५ साली मोटरसायकल गटात सगळ्या पुरुषांसकट नववी आली. आपल्याकडे बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ साली बाहा या वाळवंटी शर्यतींच्या जागतिक चषकात स्त्रियांचा गट जिंकला. महाराष्ट्रात २०११ साली पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी 'बायकर्नी' हा बायकांचा मोटरसायकल गट सुरू केला आणि त्याच्या शाखा पुढे देशभर झाल्या. एकट्या बाईने गाडी काढली की रस्त्यावरचा प्रत्येक जण तिचा मास्तर होतो. दहा जणींनी मिळून काढली की तीच माणसे बाजूला होऊन रस्ता देतात. बायकर्नीच्या उभारणीमागचे हे साधे गणित आपल्या चळवळीला अनोळखी नाही.

माझ्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी समाजकार्याच्या वर्गात पुदुकोट्टईचे उदाहरण अभ्यासले आहे. १९९१च्या सुमारास तमिळनाडूतल्या त्या जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तो कार्यक्रम उचलून धरला आणि पी. साईनाथ यांच्या लेखनामुळे तो देशाला माहीत झाला. खेड्यातल्या हजारो बायका सायकलवर बसल्या. आमच्या वर्गात त्यावर चर्चा झाली ती उत्पन्न किती वाढले, पाणी आणण्याचा वेळ किती वाचला या अंगाने. सायकल चालवताना त्या बायकांना मजा आली का, हा प्रश्न परीक्षेत आला नाही. बाईच्या प्रत्येक हालचालीला उपयोगाची पावती जोडावी लागते, ही सवय आपल्यालाही लागली आहे. शिबिराच्या अर्जातही आम्ही पहिल्या खर्ड्यात 'आत्मविश्वास' आणि 'सक्षमीकरण' असे शब्द घातले होते. मग ते खोडले आणि 'दोन दिवस गाडी चालवणे' एवढेच ठेवले.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

सुरुवातीला एक दिवसाचे शिबिर ठरवले होते. नावे भराभर आली. मग शिकवायला येणाऱ्या मैत्रिणीने सांगितले की एका दिवसात हे होत नाही. पहिल्या दिवशी अंग नुसते घाबरते, रात्री दुखते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अचानक जमू लागते. मध्ये एक रात्र जावी लागते. म्हणून मुक्काम ठेवला. मुक्काम म्हटल्याबरोबर निम्म्याहून जास्त नावे गळाली. गाडीची भीती कोणालाच नव्हती. पडण्याचीही नव्हती. "दिवसभर काय वाटेल ते कर, पण रात्री घरी ये," हे वाक्य वेगवेगळ्या घरांतून जवळजवळ त्याच शब्दांत आले.

यात मला सगळ्यांत बोलके वाटले ते परिचारिकेचे उदाहरण. ही बाई महिन्यातून किती तरी रात्री घराबाहेर काढते. अनोळखी माणसांच्या खाटांमध्ये, बऱ्याचदा एकटीने, वॉर्ड सांभाळत. त्या रात्रींबद्दल सासरी कोणी अवाक्षर काढत नाही, कारण त्या रात्रींचा पगार घरी येतो. हीच बाई तीस-चाळीस बायकांच्या सोबतीने एक रात्र तंबूत झोपणार म्हटल्यावर घरात दोन दिवस अबोला झाला. म्हणजे अडचण रात्रीची नाही आणि सुरक्षिततेचीही नाही. ती रात्र कोणाच्या कामी येणार, हा प्रश्न आहे.

कायद्याची वाटचालही पाहण्यासारखी आहे. १९४८च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात कामाला ठेवायला बंदी होती. महाराष्ट्राने २०१५ साली दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर ती सैल केली. २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतरही, बाईची संमती आणि संरक्षणाची व्यवस्था असेल तर, काम करता येईल असे म्हटले. या बदलांना आपल्यापैकी काहींनी पाठिंबा दिला, काहींनी शंका घेतल्या, आणि दोन्ही बाजूंना आधार होता. पण एवढे खरे की बाईची रात्र कामासाठी मोकळी झाली. झोपायला, गप्पा मारायला, शेकोटीशी बसायला ती अजून मोकळी व्हायची आहे आणि त्यासाठी कुठला कायदा येणार नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे मुंबईच्या सार्वजनिक जागांवरचे 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक २०११ साली आले. बाईला रस्त्यावर नुसते, बिनकामाचे रेंगाळता आले पाहिजे, हा त्याचा गाभा. पुस्तक मुंबईबद्दल आहे, पण विरार लोकलने रोज तिथे जाणाऱ्या आमच्या बायकांना ते फार लांबचे वाटू नये.

आपल्या चळवळीच्या जुन्या शिबिरांच्या गोष्टी ज्येष्ठ मैत्रिणी सांगतात तेव्हा मला नेहमी एक जाणवते. कुठल्या विषयावर कोण बोलले हे त्यांना आठवत नाही. कोणाच्या शेजारी अंथरूण होते, रात्री कोण काय बोलून रडली, कोण हसवत होती, हे चाळीस वर्षांनी लख्ख आठवते. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' आणले आणि गावोगाव प्रयोग केले. तसल्या दौऱ्यांत एसटीच्या प्रवासात आणि शाळेच्या वर्गात सतरंजीवर काढलेल्या रात्री हे प्रयोगाइतकेच मोठे शिक्षण होते असे त्या पिढीतल्या बायका मानतात. तेव्हा मोटरसायकलीच्या शिबिरात आपण काही परके करतो आहोत असे मला वाटत नाही.

परवानग्यांसाठी फिरताना एका कार्यालयात अर्ज वाचून विचारले गेले, "बरोबर जबाबदार पुरुष कोण?" आमच्या खजिनदार शांतपणे म्हणाल्या, "जबाबदार मी आहे, वय बासष्ट." त्यावर सूचना आली की मग प्रत्येक मुलीकडून वडिलांचे किंवा नवऱ्याचे संमतीपत्र घ्या, म्हणजे नंतर कटकट नको. तोंडी सूचना होती, लेखी द्यायला मात्र कोणी तयार झाले नाही. या सूचनेवर आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला. काही जणींचे म्हणणे असे की उद्या काही अपघात झाला तर संस्था अडचणीत येईल, एका कागदाने काय बिघडते? त्यांची काळजी खोटी नव्हती. संस्था उभी करायला वर्षे लागतात आणि मोडायला एक तक्रार पुरते.

माझे मत मी तिथे मांडले आणि इथेही मांडते. अठरा वर्षांवरच्या बाईसाठी दुसऱ्या कोणाचे संमतीपत्र आपण घेणार नाही. ती स्वतः सही करेल. जोखीम काय आहे ते तिला नीट समजावून सांगू, काही झाल्यास कोणाला फोन करायचा ते नाव ती स्वतः देईल. तो नवरा असेल, मैत्रीण असेल, शेजारीण असेल. अठराखालच्या मुलींना गाडीवर घेणार नाही. तिथे कायदाही स्पष्ट आहे. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालकाला आणि गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. पण सज्ञान बाईच्या नावापुढे पालकाची सही मागायची आणि मग व्यासपीठावरून तिच्या हक्कांवर बोलायचे, हे एकत्र जमणारे नाही. अखेर हेच ठरले, मात्र एकमताने नव्हे. बहुमताने.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, कारण समुपदेशनाच्या कामात मी ती रोज पाहते. काही घरांत एका रात्रीची किंमत बाईला पुढचा महिनाभर मोजावी लागते. अशा बाईला 'हिंमत कर' म्हणणे सोपे असते, मार आपल्याला बसत नाही. म्हणून मुक्काम ही सक्ती नाही. जिला शनिवारी संध्याकाळी जायचे आहे ती कारण न सांगता जाईल आणि रविवारी सकाळी परत येईल. जिला बोलायचे असेल तिच्याशी आमची कार्यकर्ती आधी भेटून बोलेल. घरी फोन करून कोणाला राजी करणे किंवा खोटे निरोप देणे, ही दोन्ही कामे आम्ही करणार नाही.

आता जागेबद्दल. पाचूबंदर म्हटल्यावर बाहेरच्या मैत्रिणींनी लगेच किल्ला आणि किनारा मागितला. दगडी भिंती, पायऱ्या, ओली वाळू, त्यांच्या मते ट्रायल्सला याहून चांगली जागा नाही. दोन्हींना मी नाही म्हटले. वसईचा किल्ला संरक्षित स्मारक आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला हा किल्ला आधीच पडझडीने आणि हौशी चित्रीकरणाने बेजार आहे. त्याच्या पायऱ्यांवरून चाक चढवणे हा गुन्हाच ठरेल. आणि किनारा तर रिकामा नसतोच. बाहेरून येणाऱ्याला तो मोकळा दिसतो एवढेच.

पाचूबंदर ही कोळी वस्ती आहे, ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही कोळ्यांची. पाऊस सरला की इथे बांबू रोवून दोऱ्या बांधतात आणि त्यांवर बोंबील वाळत घालतात. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगायचे, सगळी रांग हाताने लावायची, उन्हाप्रमाणे उलटायची, दव पडायच्या आत झाकायची. जवळा आणि मांदेली खाली पसरतात. हे काम बायकांचे. होडीवर पुरुष जातात. मासळी किनाऱ्याला लागली की निवडणे, वाळवणे, विकणे बायकांकडे येते. पहाटे काळोखात पाट्या घेऊन निघणाऱ्या आणि लोकलच्या मालडब्यात बसून बाजार गाठणाऱ्या याच. वाळत घातलेल्या जवळ्यावर एका चाकाने उडवलेली वाळू म्हणजे एका बाईची दिवसाची कमाई. हवा चांगली म्हणून शिबिर जानेवारीत हवे, आणि नेमके तेव्हाच वाळवणाचे अंगण भरलेले असते. १ जूनपासून मासेमारी बंद होते, तेव्हा अंगणे रिकामी होतात खरी, पण मग पावसात तंबू कुठे ठोकणार?

मार्ग वस्तीतल्या बायकांनीच काढला. गाड्यांचे सेक्शन वस्तीपासून आत, ओळखीच्या एका कुटुंबाच्या पडीक वाडीत. तिथे जुने ओंडके आहेत, बांधाचे दगड आहेत, एक कोरडा पाट आहे. किनाऱ्यावर एकही चाक येणार नाही. मुक्काम मात्र वस्तीत, तीन घरांच्या परसात. तारखा त्यांनी भरती-ओहोटी पाहून दिल्या. "उधाणात नको, भांगेचे दिवस घ्या. पाणी अंगणापर्यंत येत नाही, आम्हालाही सवड असते." तिथी पाहून शिबिर ठरवण्याची आमची पहिलीच वेळ, पण अमावास्या-पौर्णिमेचा असा उपयोग कोणाला खटकायचे कारण नाही.

जेवणावरून थोडी ओढाताण झाली. आमच्यातल्या एकीचे म्हणणे, शहरातल्या बायका मौज करणार आणि कोळणी त्यांचा स्वयंपाक करणार, हे आपल्याला शोभते का? आपण श्रमदानाने सगळ्या मिळून रांधू. हा विचार वस्तीत सांगितला तेव्हा एक मावशी हसल्याच. "तुम्ही रांधाल ते आम्ही खायचे का? अहो ताई, पैसे द्या आणि चार वेळचे जेवण आमच्यावर सोडा. आम्ही फुकट करत नाही आणि दयाही नको." दर त्यांनी सांगितला, तोच ठरला. भांडी मात्र जिची तिने घासायची. संध्याकाळनंतर स्वयंपाक करणाऱ्याही शेकोटीला येऊन बसतील, त्या वेळी चहा आम्ही करू. यात वर्गाचा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. पण कोणाचे श्रम आणि कोणाची हौस, हे कागदावर आकड्यांत आले, एवढे झाले.

जागा पाहायला गेलो त्या दिवशी शिकवणाऱ्या मैत्रिणीने पडलेली गाडी उचलून दाखवली. हे कसब प्रत्येकीने शिकायचे आहे. आधी इंजिन बंद करायचे. गाडी उजवीकडे पडली असेल तर बाजूचे स्टँड आधीच काढून ठेवायचे. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचे, कंबर सीटला टेकवायची, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचा दांडा धरायचा, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे पावले टाकत उठायचे. वाकून, हातांनी ओढून दीडशे किलो उचलत नाहीत. आम्ही शहरातल्या सगळ्या पहिल्यांदा वाकलोच. भोवती जमलेल्यांपैकी साठीच्या एक मावशी पुढे आल्या, लुगडे खोचले, पाठ लावली आणि गाडी उभी केली. मग म्हणाल्या, "पाटी अशीच उचलायची असते. कमरेने उचलली की बाई चाळिशीत बसते." त्यांनी आजवर गाडी चालवलेली नाही. अर्जात आता त्यांचे नाव आहे, 'चालवता येते का' या रकान्यात 'नाही' आणि 'काय शिकवू शकता' या रकान्यात 'उचलणे'.

शिकवण्याचा क्रम असा ठेवला आहे. पहिले दोन तास गाडी चालू न करता पायऱ्यांवर उभे राहायचे, दोघींनी दोन्ही बाजूंनी धरायची. मग पहिल्या गियरमध्ये, क्लच अर्धा दाबून, माणूस चालेल त्याहून हळू सरळ रेषेत जायचे. मग इंग्रजी आठच्या आकड्यात वळणे, मग फळी, मग जुना टायर, आणि रविवारी ज्यांना हवे त्यांनाच ओंडका. बिनगियरच्या स्कूटरवाल्यांना ओंडका नाही, कारण तळ लागतो. हळू चालवण्याची सवय त्यांनाही तेवढीच उपयोगी. शेवटी गुण मोजू, पण नंबर काढणार नाही. शून्य आणण्यासाठी प्रत्येकीने आपल्याच कालच्या आकड्याशी झगडायचे. "नीट चाल, तोल सांभाळ" हे मुलीला लहानपणापासून ऐकवले जाते आणि त्याचा अर्थ असतो नजर खाली ठेव. या खेळात मात्र चाकाकडे पाहिले की माणूस पडतो. मान वर आणि नजर दूर ठेवावी लागते.

व्यवस्थेतल्या दोन गोष्टींवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. पहिली संडास. तीन घरांचे मिळून चार होतात, आणखी दोन फिरते भाड्याने आणत आहोत, आतून कडी आणि दिवा आहे का हे स्वतः पाहून. रात्री एकटीला जायला भीती वाटू नये म्हणून वाटेवर कंदील राहील. पाळी आलेल्या मुलीने येऊ नये असे कोणी समजू नये. दुसरी, इजा. ट्रायल्समध्ये वेग नसल्याने मोठे अपघात कमी होतात, पण मनगट, घोटा आणि गुडघा यांना धोका असतो, आणि गरम सायलेन्सरने पोटऱ्या भाजतात. प्रथमोपचार येणाऱ्या दोघी पूर्णवेळ वाडीत असतील, एक चारचाकी तयार राहील, आणि वसई गावातले सर डी. एम. पेटिट रुग्णालय जवळ आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक नाही. वस्तीत पहाटे तीनला उठणाऱ्या बायका झोपलेल्या असतात, त्यांच्या झोपेचा मान राखायचा. त्यांच्याबरोबर पहाटे उठून पाट्या भरायला हात लावायचा असेल तर मनाई नाही, फक्त मध्ये मध्ये करू नये असे त्यांनी बजावले आहे.

शुल्क प्रत्येकीने आपल्या मिळकतीप्रमाणे द्यावे. पाकिटात घालून द्यावे, नाव लिहू नये. एका मोटरसायकल क्लबने सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती, बदल्यात गुलाबी टी-शर्ट आणि त्यांचे फलक लावायचे होते. त्यांचे आभार मानून नकार कळवला. त्यांच्याकडून दोन गाड्या मात्र रीतसर भाड्याने घेतल्या आहेत.

नावे ३१ डिसेंबरपर्यंत कळवावीत. परवाना, गाडीची कागदपत्रे आणि विम्याची प्रत सोबत असावी. गाडी नसेल तर दोघींत एक मिळेल, हेल्मेट मात्र प्रत्येकीने स्वतःचे आणावे. पूर्ण पाय झाकणारे बूट, जाड पँट, हातमोजे, आणि नसतील तर निदान जाड मोजे. सलवारीची किंवा ओढणीची टोके चाकात जातात, म्हणून ती नकोत. साडीच नेसणाऱ्यांनी काष्टा मारावा, शिकवायला दोघी-तिघी आहेत. एक चादर, एक शाल, आपले ताट-वाटी, टॉर्च. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून पाचूबंदरला बस मिळते, गाडीने येणाऱ्यांनी वस्तीत शिरताना इंजिन बंद करून गाडी ढकलत आणावी. रात्री अंथरुणाला जवळ्याचा वास लागेल, तो दोन धुण्यांत जातो.